घासलेटचा चंद्र

ज्या साली पहाटेच्या आभाळात शेपटीचा तारा उगवला, त्या साली कल्याणात जे जे बिघडलं त्याचं खापर लोकांनी त्या ताऱ्यावरच फोडलं. पोपटशेठच्या दुकानातल्या तुरीला कीड लागली ती ताऱ्यामुळे, रंगूबाईंची म्हैस आटली ती ताऱ्यामुळे, आणि मामलेदारसाहेबांना पोटशूळ उठला तोही ताऱ्यामुळेच. आता तुरीला कीड दरसाल लागायची आणि म्हैस तर म्हातारीच झाली होती. पण एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला काही काम नको का? खरं विचाराल तर त्या ताऱ्यानं कल्याणात एकच गोष्ट केली. गुणाजीराव खोपकरांचं लग्न अपुरं राहिलं आहे, हे त्यानं उघडकीला आणलं.

गुणाजीराव मामलेदार कचेरीत कारकून होते आणि कारकून म्हणजे अंतर्बाह्य कारकून. ज्या कागदावर शेरा नाही तो कागद त्यांच्या लेखी जन्मालाच आला नव्हता. घरातलं मीठ संपलं तरी ते कोणाच्या गफलतीनं संपलं याची चौकशी आधी व्हायची आणि मीठ मागून यायचं. या माणसाबरोबर कमळाबाईंनी उभा संसार हसतमुखानं केला होता. मुलं मोठी होऊन मुंबईला नोकरीला लागली होती. कमळाबाईंना लहानपणापासून रातांधळेपणा होता. दिवेलागण झाली की त्यांना भिंतीला हात लावत चालावं लागे, म्हणून त्या सारा स्वयंपाक उजेडी उरकून घेत. ही गोष्ट अख्ख्या आळीला ठाऊक होती, आणि गुणाजीरावांनाही. पण ठाऊक असणं आणि डोक्यात शिरणं यांत अंतर असतं, आणि नवऱ्यांच्या बाबतीत ते जरा जास्तच असतं.

तर तारा बघायला सगळी आळी पहाटे उठून तळ्याच्या काठी जमली. जो तो आ वासून वर बघतोय. कमळाबाईही अंगावर शाल घेऊन आल्या होत्या आणि त्यांची तारीफ सगळ्यांच्या वरताण चालली होती. काय ती शेपटी, काय ते तेज, असं डोळ्यांचं पारणं जन्मात फिटलं नव्हतं! गुणाजीरावांनी कौतुकानं बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की तारा एकीकडे आहे आणि बाई हात जोडून उभ्या आहेत त्या पोपटशेठच्या माडाच्या झावळीसमोर.

घरी परतताना त्यांनी हळूच विचारलं. कमळाबाई आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "मला चंद्र तेवढा दिसतो. चांदण्या कधी दिसल्याच नाहीत. सगळे बघतात तिकडे तोंड करायचं आणि छान म्हणायचं. लग्नात इकडून अरुंधती दाखवणं झालं ना, तीसुद्धा मी अशीच पाहिली."

गुणाजीराव भर रस्त्यात उभे राहिले. लग्नात सप्तपदी झाली की भटजी नवरानवरीला अंगणात नेतात, वर सप्तर्षी दाखवतात, त्यांतल्या वसिष्ठाच्या अंगाशी जी बारीक चांदणी ती अरुंधती. नवरा बोट दाखवतो, भटजी विचारतात दिसली का, नवरी म्हणते दिसली, आणि विधी पुरा होतो. म्हणजे इथे नवरीनं चक्क खोटी साक्ष दिली होती. साक्षीदाराची सही नसेल तर साधं खरेदीखत रद्द ठरतं, मग लग्नाचं काय? त्या दिवशी कचेरीत त्यांनी एका अर्जावर शिक्का उलटा मारला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

हे झालं वरवरचं. आतून त्या माणसाला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून वाईट वाटत होतं. आपली बायको इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आभाळाला छान म्हणत आली, का तर आपण नाराज होऊ नये म्हणून. आणि आपल्याला गंधवार्ता नाही. पण कारकुनाला नुसतं वाईट वाटून भागत नाही, त्याला पुढली कार्यवाही करावी लागते. कमळाबाईंना अरुंधती दाखवायची, असं गुणाजीरावांनी ठरवलं. आभाळातली दिसत नसेल तर दिव्याची. दिव्याची ज्योत बाईंना दिसत होतीच, मग ज्योतीचाच तारा केला की झालं.

योग असा की ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका विलायतेला परत निघालेल्या साहेबाच्या सामानाचा लिलाव निघाला. गुणाजीराव कचेरीच्या कामाला ठाण्यास गेलेले, ते तिकडे डोकावले. खुर्च्या, हरणाची शिंगं, फुटका पियानो, आणि या सगळ्यांच्या मागे एक काळा पत्र्याचा पेटारा. त्याला वर धुराडं आणि पुढे पितळेचं लांब नाक. लिलाव पुकारणाऱ्यालाही ते काय आहे ठाऊक नव्हतं, त्यानं विलायती चूल म्हणून पुकारा केला. गुणाजीरावांनी मात्र तसलं यंत्र एकदा एका शाळेत पाहिलं होतं. आत घासलेटचा दिवा लावायचा, पुढे रंगवलेली काच सरकवायची, की ते चित्र समोरच्या कपड्यावर हत्तीएवढं होऊन पडतं. चूल घ्यायला दुसरं कोणी आलं नाही आणि यंत्र खोपकरांचं झालं.

कल्याणच्या जकात नाक्यावर ते अडलं. नाकेदार म्हणाला चूल असेल तर एक जकात, दिवा असेल तर दुसरी. गुणाजीराव म्हणाले हे चित्रं दाखवायचं यंत्र आहे. नाकेदारानं यादी पाहिली, तिच्यात असं काही नव्हतं, आणि जे यादीत नाही ते गावात कसं सोडणार? गुणाजीरावांना राग यायला हवा होता, पण त्यांना त्या माणसाचं बोलणं इतकं रास्त वाटलं की ते तिथेच ओट्यावर बसून त्याच्याशी यादीतल्या इतर उणिवांबद्दल बोलत राहिले. शेवटी धुराडं आहे म्हणून चूल, असा निकाल लागला.

यंत्राबरोबर तीन काचा आल्या होत्या. एकीवर विलायती गढी, एकीवर जहाज आणि एकीवर जेवणारा लठ्ठ साहेब. गुणाजीरावांनी तिन्ही खरवडून साफ केल्या. काचेवर काळं काहीतरी दाट लिंपायचं आणि सुईनं टोचून चांदण्या काढायच्या, म्हणजे टोचल्या जागेतून उजेड जाईल, असा त्यांचा बेत. काळं म्हणजे काय, तर घरचं काजळ. कमळाबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही, अचानक दाखवायचं होतं ना. त्यांनी फक्त काजळ मागितलं. मग आणखी मागितलं. मग वाटीभर मागितलं. कमळाबाई बिचाऱ्या एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून रोज काजळ पाडत बसल्या, आणि आपल्यासाठीच रात्र तयार होतेय याची त्यांना कल्पना नव्हती.

शेजारच्या रंगूबाईंच्या नजरेतून मात्र हे सुटलं नाही. रंगूबाई म्हणजे आळीतलं शास्त्र. केस पिकलेला पुरुष वाटीभर काजळ नेतो कशाला, याचा त्यांनी विचार केला आणि निष्कर्षही काढला. पुढे कित्येक दिवस गुणाजीराव कचेरीला निघाले की दारादारांतून बायका त्यांच्या डोळ्यांत निरखून बघत. अखेर अब्रू वाचवायला त्यांना खरा बेत फोडावा लागला. फक्त कमळाबाईंना सांगू नका, एवढं त्यांनी हात जोडून विनवलं, आणि नवल म्हणजे ते आळीनं पाळलं. पण त्याची भरपाई म्हणून सगळी आळी सल्ला द्यायला घरात शिरली.

श्रावणाचे दिवस, आभाळ गच्च भरलेलं, त्यामुळे नक्कल करायला खरे तारे हजर नव्हते. जो तो आपापल्या आठवणीतून सांगू लागला. रंगूबाई म्हणाल्या आमच्या वेळी चांदण्या पुष्कळ जास्त होत्या, आता कमी झाल्यात. पोपटशेठचं म्हणणं, विरळ आभाळ दरिद्री दिसतं, तेव्हा जरा हात सढळ ठेवा. गुणाजीरावांनी बाकीच्या आभाळात सगळ्यांचं ऐकून मन मानेल तशी टोचाटोच केली, पण सप्तर्षींना कोणाला हात लावू दिला नाही. वसिष्ठाला दाभण लावलं, आणि त्याच्या शेजारी श्वास रोखून, कमळाबाईंच्या सगळ्यांत बारीक सुईनं अरुंधती टोचली. मग आपल्यालाच ती नीट दिसेना म्हणून तिलाही हळूच दाभण लावलं.

पहिल्या तालमीत आभाळ उलटं पडलं. सप्तर्षी डोक्यावर उभे. गुणाजीरावांनी दिवा तपासला, नाक पुसलं, धुराडं झाडलं, तरी उलटंच. लोकांनाच पाठमोरं वाकून बघायला सांगू, असं पोपटशेठनी सुचवलं. शेवटी काचच उलटी घालायची असते हा शोध लागला, आणि तो लागल्यावर प्रत्येकानं आपण हेच म्हणत होतो असं सांगितलं.

आता कपडा हवा होता, पांढरा आणि मोठा. तो पोपटशेठच्या दुकानात होता. चांगलं कोरं मांजरपाट द्यायला ते तयार होते, पण त्यांची एक अट होती. आभाळात चंद्र पाहिजे. चंद्र नको, असं गुणाजीराव परोपरीनं सांगू लागले. तिला चंद्र दिसतोच, सगळा खटाटोप आहे तो चांदण्यांसाठी. पोपटशेठ काही बधले नाहीत.

"गुणाजीराव, आम्ही दुकानदार माणसं. गिऱ्हाईक येतं चंद्राला. चांदण्या काय, वजन झाल्यावर मूठभर वर टाकायच्या."

कपडा त्यांचा, त्यामुळे चंद्रही त्यांचाच. गुणाजीरावांनी दुसऱ्या काचेवर वाटी पालथी ठेवली, तिच्याभोवती रेघ मारली आणि आतलं काजळ साफ खरवडून टाकलं. झाला पौर्णिमेचा चंद्र तयार. शेवटी क्षणभर दाखवू आणि मोकळे होऊ, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.

हे सगळं घरच्या घरी निभावलं असतं, पण आळी येणार म्हणजे जमाव होणार, आणि जमावात दिवा पेटवून खेळ करायचा तर परवानगी लागायची. हा नियम कोणी आणला? आदल्या शिमग्यात एका खेळात मांडवाची झावळी पेटली तेव्हा गुणाजीरावांनीच साहेबांच्या कानी लागून आणवला होता. तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि घरून कचेरीत जाऊन दाखल केला. असले अर्ज कोणाच्या मेजावर येत? गुणाजीरावांच्या.

दुसरा कोणी असता तर त्यानं डोळे झाकून अर्ज पुढे सरकवला असता. गुणाजीरावांनी तो बाजूला ठेवला, कारण त्याच्या आधी आलेले अर्ज होते. पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि त्यांना तो फार मोघम वाटला. आकाश दाखवणार म्हणजे काय? कोणत्या सणानिमित्त? अर्जदारानं खुलासा करावा, असा शेरा त्यांनी मारला आणि संध्याकाळी तो कागद स्वतःच घरी नेला. घरी अर्जदार म्हणून त्यांचा संताप झाला. एवढं साधं कळत नाही, कचेरीत कसली माणसं भरली आहेत! तणतणतच त्यांनी उत्तर लिहिलं. सण म्हणून जवळचा सण घातला, गणेशचतुर्थी, घरी गणपती असतोच. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी ते उत्तर वाचलं आणि अर्जदाराची भाषा उद्धट आहे असं त्यांचं मत झालं. तरी त्यांनी मोठ्या मनानं कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांचं पोट त्या दिवशी बरं होतं. त्यांनी मंजुरी दिली ती नेमकी, शेऱ्याबरहुकूम: गणेशचतुर्थीचे सायंकाळी, त्याच दिवशी फक्त.

आता तुम्ही कपाळाला हात लावला असेल. त्या वेळी कोणीच लावला नाही. चतुर्थी म्हणजे गणपती, गणपती म्हणजे मोदक, आणि मोदकांपुढे माणसाची बुद्धी काय चालणार!

चतुर्थीला संध्याकाळी खोपकरांच्या माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. माजघर तसं अंधारं, खिडकी नाही, वर थेट कौलं. एका अंगाला मखरात गणपती, समोर पोपटशेठचं मांजरपाट ताणलेलं, मध्ये चौरंगावर ते नाकाड यंत्र. कमळाबाईंना गुणाजीरावांनी हाताला धरून सगळ्यांत पुढे पाटावर बसवलं. लोकांसमोर बायकोचा हात धरला म्हणून मागून खसखस पिकली, ती त्यांनी कानाआड केली. आरती झाली. समया विझवल्या. गुणाजीरावांनी काच सरकवली.

आणि काय सांगू, ते आभाळ खरोखर उमटलं. काजळाच्या त्या काळ्याभोर अंधारात चांदण्यांचा सडा पडला होता. खरं आभाळ रोज फुकट मिळतं म्हणून कोणी मान वर करत नाही. पण हे खोपकरांच्या घरात, पोपटशेठच्या कापडावर, घासलेट जाळून आलेलं, तेव्हा सगळे श्वास धरून बघत राहिले. आरतीला आलेल्या भटजींनी तर नकळत हात जोडले.

गुणाजीराव वाकून कमळाबाईंच्या कानाशी म्हणाले, ते बघ सप्तर्षी, त्यातला शेवटून दुसरा वसिष्ठ, त्याला लागून आहे ती. दिसली का?

"दिसली," कमळाबाई म्हणाल्या. "फार छान आहे."

यंत्राच्या फटीतून थोडा उजेड सांडत होता, तेवढ्यात गुणाजीरावांना बायकोचा चेहरा दिसला. तो चेहरा कापडाकडे नव्हता. देवघराच्या चौकटीकडे बघून बाई छान म्हणत होत्या. तो दिवा मुळातच मिणमिणता, त्यात सुईची भोकं. कापडावर पोचेपर्यंत उजेड इतका पातळ झाला होता की तो त्यांच्या डोळ्यांपर्यंत येतच नव्हता. इतकं करून जे होतं तेच राहिलं. रडावं असं गुणाजीरावांना वाटलं, पण यंत्र तापलं होतं आणि मागून पोपटशेठ चंद्राचा तगादा लावत होते. त्यांनी जड हातानं काच बदलली.

कापडावर हा एवढा थोरला, परातीसारखा चंद्र आला. आणि कमळाबाई पाटावरून उठून उभ्याच राहिल्या.

"अहो, चंद्र! मला दिसतोय, मला चंद्र दिसतोय!"

लोकांत नवऱ्याला अहो म्हणून हाक मारली याचंही त्यांना भान नव्हतं. इतक्या आनंदानं त्या घरात पूर्वी कोणी ओरडलं नसेल. त्या आनंदापाठोपाठ मागून रंगूबाईंचा आवाज आला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की आज तिथी कोणती.

मग जो हलकल्लोळ झाला तो झाला. भाद्रपदातल्या चवथीचा चंद्र बघायचा नसतो, बघितला तर नसत्या चोरीचा आळ येतो, हे त्या माजघरातलं तान्हं मूलही जाणत होतं. कोणी उपरण्यानं तोंड झाकलं, कोणी शेजारणीच्या पदरात डोकं खुपसलं, दोघं तर मखराच्या मागे शिरले. गुणाजीरावांनी दिव्यावर फुंकर घातली, पण पाहायचा तो चंद्र सगळ्यांनी पाहून झाला होता.

समया पुन्हा लागल्या आणि वाद सुरू झाला. गुणाजीरावांचं म्हणणं असं की हा चंद्र नव्हेच. ही वाटी आहे. शाप चंद्राला आहे, वाटीला नाही. यावर थोडे लोक निवळले होते, पण भटजींनी घोळ केला. शाडूच्या मातीची मूर्ती आणून आपण प्राणप्रतिष्ठा करतो, तेव्हा तो गणपती होतो की नाही, असं त्यांनी विचारलं. होतो, असं सगळे म्हणाले. मग मातीचा गणपती जर गणपती, तर घासलेटचा चंद्र चंद्र का नाही? मखरात समोर गणपती बसलेला असताना नाही तरी कोण म्हणणार!

उतारा काय, तर स्यमंतक मण्याची कथा ऐकावी. भटजी सांगायला तयार होते, पण ती लांब, आणि आत मोदक निवत होते. रंगूबाईंना त्यांच्या माहेरचा झटपट उतारा ठाऊक होता. ज्याला चंद्र दिसला त्यानं दुसऱ्याच्या घरावर दगड मारायचा आणि घरधन्याच्या शिव्या खायच्या. शिव्या खाल्ल्या की आळ त्यातच फिटतो. कोणाचं घर, हा प्रश्न आलाच नाही. सगळी आळी अंगणात उतरली आणि खोपकरांच्या कौलांवर दगड पडू लागले.

गुणाजीराव ओट्यावर धावले. खाली सगळी ओळखीची माणसं, एक दगड मारायची आणि मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभी राहायची. गुणाजीरावांनी जन्मात कोणाला शिवी दिली नव्हती. सभ्य माणसाची जीभ म्हणजे त्यांच्या मते सरकारी शिक्का, तो भलत्या कागदावर उठता कामा नये. ते म्हणाले, तुम्ही अत्यंत बेजबाबदार आहात. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आणखी दगड मारले. ते म्हणाले, हे वर्तन नियमबाह्य आहे. पोपटशेठ कळवळून पुढे आले आणि म्हणाले, एवढ्यानं फिटायचं नाही, जरा खालच्या पातळीवर या.

गुणाजीराव खालच्या पातळीवर येईनात आणि लोक दगड थांबवीनात. कौलं फुटत होती. कमळाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या, अंधारात काही दिसत नाही, नुसता फुटल्याचा आवाज ऐकून विचारत होत्या की काय झालं, माझं काय चुकलं. त्यावर रंगूबाई बोलून गेल्या.

"आंधळीला काही दिसत नाही ते नाहीच, आणि दिसलं तेही नेमकं नको ते."

झालं. गुणाजीरावांच्या आत कुठेतरी इतकी वर्षं बांध घातलेला होता, तो फुटला. त्यांचे वडील बंदरावर नोकरीला होते, तिथल्या हमालांच्या तोंडचं लहानपणी जे कानावर पडलं होतं ते सगळं बाहेर आलं. शिमग्यातलं आलं. कचेरीत कज्जेदलाल एकमेकांना जे बोलत आणि गुणाजीराव कानात बोटं घालत, ते बोटं घालूनही ऐकू आलं होतं, तेही आलं. रंगूबाईंच्या म्हशीपासून पोपटशेठच्या तुरीपर्यंत आणि तिथून मागल्या पिढ्यांपर्यंत त्यांनी कोणाला सोडलं नाही. आणि मधेच त्यांचा आवाज चिरकला.

"इतकी वर्षं ती तुमच्या आभाळाला छान म्हणत आली रे. तुम्हाला तिच्यासाठी एक चंद्र बघवला नाही?"

दगड थांबले. लोक हात जोडून, मान लववून ऐकत होते. मागे उभे होते ते पुढे सरकले, आमच्याकडेही बघा म्हणाले, आणि गुणाजीरावांनी त्यांच्याकडेही पाहिलं. सर्वांना पोचल्यावर रंगूबाईंनी डोळे पुसले. कमळाबाईंचा हात हातात घेऊन, चुकलं गं माझं, असं म्हणाल्या, आणि त्याच दमात आता कसं मोकळं वाटतंय असंही म्हणाल्या. मग सगळ्यांनी पोटभर मोदक खाल्ले आणि खोपकरांच्या घरचं सगळंच कसं यथासांग असतं असं म्हणत ती मंडळी घरोघर गेली. छपरातून थेंब येऊ लागले तेव्हा पोपटशेठचं मांजरपाट मखरावर ताणून देवाला कोरडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. पाऊस उघडला आणि कडक ऊन पडलं. गुणाजीराव ओट्यावर तोंड लपवून बसले होते. येणारा जाणारा त्यांना वाकून नमस्कार करत होता. रात्रीपासून आळीत त्यांचा वचक वाढला होता आणि हेच त्यांना जास्त लागलं होतं. आयुष्यभराच्या सभ्यतेला जे मिळालं नाही ते एका संध्याकाळच्या शिव्यांना मिळालं. शिवाय ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते राहिलंच. लग्न अपुरं ते अपुरंच.

इतक्यात आतून कमळाबाईंनी हाक मारली. त्यांचा आवाज काही वेगळाच होता, म्हणून गुणाजीराव घाईनं माजघरात गेले. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे त्यांना आधी काळोखच दिसला. मग त्या काळोखात मधोमध उभ्या असलेल्या कमळाबाई दिसल्या. त्या वर बघत होत्या. गुणाजीरावांनीही वर पाहिलं.

फुटल्या कौलांच्या फटीफटीतून, भोकाभोकांतून ऊन आत आलं होतं. काळ्या छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखीत ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ, काही मोठे, काही मोहरीएवढे. हे मिणमिणतं घासलेट नव्हतं, खुद्द सूर्य त्यांच्या मागे दिवा धरून उभा होता.

"चांदण्या म्हणजे अशाच असतात का हो?" कमळाबाईंनी विचारलं.

"अशाच," गुणाजीराव म्हणाले, आणि सवयीप्रमाणे दुरुस्ती केली, "पण एवढ्या दाट नसतात."

"यातली ती कोणती?"

पुराव्याशिवाय एक ओळ न लिहिणाऱ्या त्या माणसानं छपरावरून नजर फिरवली. आढ्याच्या जरा खाली एका मोठ्या दगडानं चांगलं भगदाड पाडलं होतं, आणि त्याच्या अगदी अंगाशी, कौलाचा टवका उडून एक बारीक भोक पडलं होतं. तो दगड बहुधा रंगूबाईंचाच असावा. गुणाजीरावांनी बोट दाखवलं. तो मोठा वसिष्ठ, त्याला लागून आहे ती अरुंधती. मग लग्नात भटजींनी विचारलं होतं तसंच त्यांनी विचारलं, "दिसली का?"

गुणाजीरावांनी मान वाकवून कमळाबाईंचे डोळे तपासले. ते बरोबर त्याच भोकावर होते आणि भरून आले होते.

"दिसली," त्या म्हणाल्या. छान आहे असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

कौलं बसवायला काळुराम आला तेव्हा गुणाजीरावांनी त्याला शिडीच्या पायथ्याशी थांबवून समजावलं. बाकी सगळं नीट कर, ते बारीक भोक तेवढं राहू दे. मग थोडा विचार करून म्हणाले, शेजारचं भगदाडही राहू दे, नाहीतर ती ओळखायची कशी. काळुराम म्हणाला तिथून धो धो गळेल, आणि नेमकं तुमच्या जेवायच्या पाटावर. गुणाजीराव म्हणाले पाट सरकवता येतो.

पाट सरकला. पुढे आळीतल्या लोकांनी त्या भोकांबद्दल पुष्कळ सल्ले दिले, रंगूबाईंनी तर छपरावर चढायला माणूसही धाडला, पण गुणाजीरावांनी त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं, आणि या खेपेला शिवीसुद्धा द्यावी लागली नाही. पावसाची सर आली की कमळाबाई शांतपणे उठायच्या, आणि वसिष्ठाखाली घंगाळ आणि अरुंधतीखाली तांब्या नेऊन ठेवायच्या.